डबीतला ओला प्लग

सकाळी पावसाने जरा उघडीप दिली, तेव्हा पुंडलिकराव आर्णीला निघाले. काम काही फार मोठं नव्हतं. फवारणीच्या पंपाची नळी चिरली होती, आणि पोळा तोंडावर आला म्हणून इंदूबाईंनी बैलांसाठी गोंडे नि शिंगांचा रंग आणायला सांगितला होता. तसं घरात पोळ्याचं कौतुक कुणालाच उरलं नव्हतं. पण त्यात बैलांचा काय गुन्हा, असं म्हणून इंदूबाई डोळ्याला पदर लावत आत गेल्या होत्या.

आणखी एक काम होतं, ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही. ते सदऱ्याच्या खिशात होतं, तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत.

नळी घेतली, गोंडे घेतले, रंग घेतला. प्यायची इच्छा नसताना एक चहाही घेतला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा पाय ओढत ते बसस्टँडमागच्या धावजीच्या दुकानात येऊन टेकले.

धावजी जवळच्या तांड्यावरचा. मोटारसायकलींचा मिस्त्री. दुकान म्हणजे चार खांबांवर टिनं आणि खाली ऑइलने काळी झालेली जमीन. कुठलीही गाडी येवो, गिऱ्हाईक काहीही सांगो, हा गडी आधी प्लग खोलणार आणि उजेडाकडे धरून पाहणार. वैद्य आधी जीभ बघतो ना, तसं. प्लग काजळीने काळा झालेला निघाला की पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असला की इंजिन तापतंय, आणि कॉफीच्या रंगाचा निघाला की धावजी खूश, गाडीवाल्यालाच चहा पाजायचा. पुंडलिकरावांना या विद्येची फार आवड. घरात काही बिघडलं की आधी स्वतः खोलून बसायचे, आणि उरलेले दोन स्क्रू खिशात घालून मग इकडे यायचे.

"या काका. लय दिवसानं," धावजी म्हणाला. "आता काय खोलून ठेवलं घरी?"

पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी डबी उघडून पुढे केली. आत आपल्याच शेतातल्या कापसाची गादी करून त्यावर एक प्लग ठेवलेला होता.

"जरा पाह्य बरं."

धावजीने प्लग उचलला, उजेडाकडे धरला. मग नाकाशी नेला. "ओला हाय काका. ताजं पेट्रोल हाय. कोणीतरी किका मारून राह्यलं, अन् गाडी काही पकडत नाही. ठिणगी पडली नाही का पेट्रोल जळत नाही, मंग ते असं प्लगावरच बसते."

"तो गाडीत नाही."

"मंग कशात हाय?"

"या डबीतच. पाह्यलं ना तुनं आता."

"मंग डबीत पेट्रोल सांडलं असन."

"कापूस पाह्य."

धावजीने कापूस चिमटीत धरून पाहिला. तो कोरडा होता, नुकता बोंडातून वेचल्यासारखा कोरडा. त्याने एकदा पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय बदलावा तसा शेजारच्या गाडीचा प्लग काढून तिच्या वायरीच्या टोपणात हा खोचला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. प्लगाच्या तोंडाशी टिचकन ठिणगी उडाली. निळी, जाड.

"प्लगात तं काहीच खोट नाही. पिवळी पडली असती तं फेका म्हटलं असतं." मग त्याने हेक्सा ब्लेडचा तुकडा प्लगाच्या फटीत सरकवून पाहिला. तो अलगद बसला. "फट बी बरोबर. कोण करते हे?"

"मीच. पुसतो, गॅसवर वाळवतो, ब्रशनं घासतो, फट पाहतो. मंग डबीत ठेवतो. चार दिवसांनी उघडला का पुन्हा ओला."

धावजी बराच वेळ प्लग बोटांत फिरवत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हा मीच देला होता अमरभाऊले. गावातल्या गावात फिराचं असन तं गरम प्लग लागते, काका. तो लवकर तापते, काजळी जाळून टाकते. अन् लांब पल्ला असन तं थंडा. मी विचारलं, कोणता देऊ? तं म्हणे, लांबचा दे गड्या, आता महागावच्या चकरा हायत. बायको तिकडची केली म्हणे. लय हासलो होतो आम्ही."

पुंडलिकराव रस्त्याकडे पाहत राहिले. एसटी गेली, तिने चिखल उडवला, तोही त्यांनी पाहिला.

"माहं ऐकसान तं लावून टाका गाडीत," धावजी डबी परत देत म्हणाला. "प्लग काय डबीत ठेवाची चीज हाय का? अर्ध्या किकेत चालू होईन गाडी. अन् कोणी... कोणी किका मारून राह्यलं असन तं..."

तो खाली बसून दुसऱ्याच गाडीची चेन काढायला लागला.

आता मागच्या वर्षीचं सांगितल्याशिवाय यातलं काही समजायचं नाही.

अमर हा पुंडलिकराव-इंदूबाईंचा एकुलता एक. त्याचं लग्न त्या उन्हाळ्यातच झालं होतं. सून अपेक्षा, महागावची. पहिल्या वर्षाची रीत म्हणून ती आषाढात आखाडीच्या सणाला माहेरी गेली होती आणि पोळ्याच्या आत तिला आणायचं होतं. आणायला जायचं अमरनेच. त्याच्या मनाने तर ती गेली त्याच दिवशी जायचं होतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी दुपारपासून पाऊस धरला. शेतातून आल्या आल्या अमरने न्हाणीत पाणी नेलं आणि नवा शर्ट खुंटीला लावला, तेव्हाच पुंडलिकराव समजले. म्हणाले, "सकाळी जाय. नाल्याले पाणी येईन."

"यायच्या आत पार होतो ना बाबा. आता तं घोट्याएवढंही नाही."

लग्न झालेल्या पोराला रागावता येत नाही, आणि पुंडलिकरावांचा स्वभाव भांडायचा नव्हताच. त्यांना एक युक्ती सुचली. अमर न्हाणीत असताना ते गोठ्यात गेले. प्लग पान्याने गाडीचा प्लग काढला, आणि फळीवर पडलेला जुना, चिनी मातीला तडा गेलेला प्लग त्या जागी बसवून वर टोपण चढवलं. चांगला प्लग सदऱ्याच्या खिशात टाकला. गाडी नुकतीच शेतातून आली होती, त्यामुळे तो गरम होता, छातीला चटका बसला. आपण फार शहाणपणा केला असं त्यांना वाटलं. ओट्यावर येऊन ते दोर वळत बसले.

अमरने किक मारली. पुन्हा मारली. चोक दिला, गाडी आडवी करून हलवली, पुन्हा किका मारल्या. प्लग काढून शर्टाच्या टोकाने पुसला, लावला. अंधारून आलं होतं, घाई होती, प्लग आपला नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही. गोठ्यातून तो ओरडला, "बाबा, घरात एखादा प्लग पडला हाय का जी?"

"नाही," पुंडलिकराव म्हणाले.

पोरगा कंटाळेल, गाडीला शिव्या घालेल आणि जेवून झोपेल, हा त्यांचा हिशेब. पण अमर बायकोला शब्द देऊन बसला होता. तो शेजारच्या मारोतरावांकडे गेला. मारोतराव शेतात होते. ते येईपर्यंत तो त्यांच्या ओट्यावर बसून राहिला, त्यांची गाडी मागून घेतली आणि निघाला. तोवर वरच्या अंगाला पडलेलं पाणी नाल्याला येऊन पोचलं होतं. मारोतरावांची गाडी बाभळीत अडकलेली सापडली. अमर दुसऱ्या दिवशी, बराच खाली.

वेळेवर निघाला असता तर कोरड्या पायांनी पलीकडे गेला असता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. लोक म्हणाले, त्याचं आयुष्यच तेवढं. मारोतराव मात्र कपाळ बडवून घ्यायचे, मी गाडी दिली म्हणून पोरगा गेला म्हणायचे. अजूनही पुंडलिकराव समोर दिसले की ते दुसऱ्या गल्लीने जातात. आणि पुंडलिकरावांनी त्यांना तसं जाऊ दिलं. पोराच्या मरणाहून या गोष्टीची त्यांना जास्त लाज वाटायची.

तेव्हापासून तो प्लग ते जपत होते. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण पोराने पुन्हा विचारलं, तर या खेपेला 'आहे' म्हणता आलं पाहिजे, आणि नुसता आहे नव्हे, तर साफ, कोरडा, एका किकेत पेटणारा पाहिजे, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

अपेक्षा वर्षाचे पहिले काही महिने त्यांच्याकडेच राहिली. तिचं वय पाहून पुंडलिकरावांना अन्न गोड लागेना. त्यांनीच तिच्या वडिलांना सांगितलं, पोरीला घेऊन जा आणि चांगलं स्थळ बघा. दिग्रसकडचा एक चांगला मुलगा मिळाला. पोळा झाला की साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. परवाच तिचा फोन आला होता.

"मामाजी, तुमचं मन दुखत असन तं सांगा. अजूनही नाही म्हणता येते."

"काही नाही दुखत," ते म्हणाले होते. "तू सुखानं राह्य माय. मले आता येवढंच पाह्यचं हाय."

आणि ते अगदी खरं होतं. त्या पोरीचं पुन्हा बस्तान बसावं, एवढी एकच गोष्ट आपल्या हातून नीट व्हावी, म्हणून ते दिवस काढत होते.

श्रावण लागला आणि गोठ्यातून आवाज यायला लागला.

दिवेलागणीची वेळ. बैल वैरण खाता खाता थांबायचे, कान उभे करायचे. मग तो आवाज. खर्र... खर्र... किक खाली जायची आणि रिकामीच वर यायची. मग जरा वेळ काही नाही, कोणी प्लग काढून शर्टाने पुसत असेल एवढा वेळ. पुन्हा खर्र. ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास ओट्यापर्यंत यायचा. इंदूबाई चुलीपुढे, पुंडलिकराव ओट्यावर. दोघंही ऐकायचे. एकमेकांना कोणी काही विचारायचं नाही. आणि थोड्या दिवसांनी डबी उघडली, की प्लग ओला.

धावजीकडून घरी यायला त्या दिवशी संध्याकाळ झाली. पाऊस परत सुरू झाला होता. गावात शिरता शिरता लाइट गेली. पुंडलिकरावांनी गोंडे नि रंग ओट्यावर ठेवले, आतून पाना घेतला, बॅटरी घेतली आणि सरळ गोठ्यात गेले. वाटेत थांबलो तर आपण परत फिरू, अशी त्यांना भीती वाटत होती.

गाडीवरची ताडपत्री ओढली. गोठा गळत नव्हता, खाली जमीन कोरडी होती, पण गाडीची सीट ओली होती. त्यावरून पाणी निथळून पायाजवळ थेंब थेंब पडत होतं. त्यांनी टोपण काढलं आणि तडा गेलेला प्लग खोलला. तो अगदी कोरडा निघाला. वर गंज, आत धूळ. वर्षभर त्याला पेट्रोलचा थेंब शिवला नव्हता.

बैल मागे सरून दावणीला ताण देत उभे होते.

पुंडलिकरावांनी डबीतला प्लग सदऱ्याने पुसला. आधी हाताने आटे बसवले, मग पान्याने जरासा आवळला. फार आवळायचा नसतो. टोपण चढवलं, ते टक करून बसलं. गाडीच्या टाकीवर हात ठेवून ते अंधाराकडे तोंड करून म्हणाले, "अमर... होता रे माह्यापाशी. त्या दिवशी बी खिशातच होता. मी खोटं बोललो. घे बापा... जाय आता."

थोडा वेळ उभं राहून ते ओट्यावर येऊन बसले. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

एकच किक झाली.

इंजिन पकडलं, एकदा जोरात घुमलं आणि सुरेख, एकसारखं चालायला लागलं. उजेडाचा एक पट्टा पावसातून अंगणावर फिरला, फाटकाबाहेर पडला, रस्त्याला लागला. पुंडलिकराव उभे राहून ऐकत होते. गाडी नाल्याकडे उतरली. तिथे आवाज खाली गेला, इतका खाली की त्यांनी श्वास धरला. मग गिअर बदलला आणि आवाज पलीकडच्या चढावर निघाला. नाला पार झाला होता.

ते मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. वर्षात पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळे पुसून त्यांनी गोठ्याकडे बॅटरी मारली. बैल शांतपणे वैरण खात होते. गाडी जागेवर नव्हती.

इंदूबाई कंदील घेऊन दारात येऊन उभ्या होत्या.

"गेला?"

"गेला. पार झाला नाला."

त्या त्यांच्याजवळ बसल्या. कंदील मध्ये ठेवला. "मले माहीत होतं जी. तुमच्या खिशात होता ते. तुमचा सदरा धुवाले घेतला, तं खिशाले काजळी लागली होती."

पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बोलली काहून नाही कधी?"

"बोलून काय झालं असतं? पोरगा गेलता. आता तुमाले बी घालवू का?"

मग दोघंही बराच वेळ रडले. एवढ्या दिवसांत बरोबर बसून रडायचंच राहून गेलं होतं. इंदूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"चाला, मले भाकरी टाकू द्या. यायले काही फार उशीर नाही लागाचा आता. पोळ्याच्या आत आणतो म्हणे, अन् पाह्या, आणतेच हाय."

"कोणाले?"

इंदूबाई थांबल्या. नवऱ्याला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलं. "कोणाले म्हंजे? सूनबाईले. तिलेच तं आणाले निघालता ना तो."

पुंडलिकराव ओट्यावरून ताडकन उठले.

त्या मेल्या लेकाची सुटका व्हावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपलीही सुटका व्हावी म्हणून, त्यांनी प्लग लावला होता. तो कुठे निघाला होता हे ते वर्षभर घोकत होते, आणि लावताना तेवढंच विसरले. गाडी आर्णीच्या रस्त्याला लागली असेल. तिथून महागाव काही फार लांब नाही. लांब पल्ल्याचा प्लग होता, धावजीने निवडून दिलेला.

घरात रेंज नसायची. मागे परसात विहिरीजवळ यायची, तिथे ते पावसात जाऊन उभे राहिले. अपेक्षाचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग लागेचना. तिच्या वडिलांचा लावला, तो बंद. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि इंदूबाई काहीतरी गुणगुणत होत्या. ते किती वेळ फोन लावत होते, त्यांना कळलं नाही. सदरा अंगाला चिकटला होता.

शेवटी तिकडून फोन उचलला गेला. अपेक्षा कुजबुजत होती.

"मामाजी... कोणाले पाठवलं का तुम्ही?"

"काय झालं माय?"

"लाइट गेली इथं. आई-बाबा लग्नाचं कापड पाह्याले गेले, ते पावसात अडकले. मी एकटीच हाय... दारात गाडी उभी राह्यली. हॉर्न वाजून राह्यला. बारीक-बारीक दोनदा, अन् मंग लांब. मामाजी... ते तसंच वाजवत."

"दार उघडू नको."

"नाव घेऊन हाक मारून राह्यले." तिचा आवाज फुटला. "म्हणते, लय उशीर झाला, बाबांनं आता प्लग देला, चाल लवकर... कोणता प्लग, मामाजी? काय म्हणते ते?"

पुंडलिकरावांनी विहिरीच्या काठाला हात टेकला. पावसाच्या आवाजात, फोनच्या आत, दूर कुठेतरी गाडीचं इंजिन चालल्याचं त्यांना ऐकू येत होतं.

"अपेक्षा, ऐक. तो अमर नाही. कोणी चोर-चिलट असन. आतून कडी लाव. काही झालं तरी बाहेर पाह्यचं नाही."

"एकदा खिडकीतून पाहू द्या ना... फक्त एकदा. मी कधी बोलली नाही, पण त्या दिवशी मीच फोन केला होता. आजच या म्हटलं होतं. मले एकदा त्याईले पाहू द्या, मामाजी."

ती रडत होती. त्या पोरीच्याही मनात वर्षभर हेच साचलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, पाहू द्यावं. वाटलं, त्या अंगणात आपला लेक पावसात भिजत उभा आहे, आणि बाप दुसऱ्यांदा त्याची वाट अडवतोय.

"नाही," ते म्हणाले. "तुले माही शपथ हाय. नाही."

पलीकडे हॉर्न वाजला, लांब. आणि फोन कटला.

नंतर तो लागलाच नाही. पुंडलिकराव तिथेच विहिरीजवळ बसून राहिले. माफ कर रे, माफ कर, एवढंच ते म्हणत होते. पोरीला की पोराला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पाऊस कमी झाला. घरातून इंदूबाईंनी दोनदा विचारलं, आले का, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा कामाला लागल्या.

मग नाल्याकडून इंजिनाचा आवाज आला. परत येत होती गाडी. चढ चढली, गावात वळली. आणि त्याच वेळी त्यांच्या हातातला फोन वाजला.

"मामाजी," अपेक्षा म्हणाली. आता ती कुजबुजत नव्हती. "मी नाही गेली. दार नाही उघडलं. तुमची शपथ होती ना. गाडी निघून गेली... मघाच. मी बरी हाय. काळजी नका करू."

पुंडलिकरावांनी आकाशाकडे हात जोडले. पोरगी वाचली होती. आपल्या हातून एवढी एक गोष्ट नीट झाली होती.

घराच्या पुढच्या बाजूला गाडी अंगणात शिरली. तिचा उजेड छपरावरून सरकला आणि विझला. इंजिन बंद झालं. इंदूबाईंची पावलं लगबगीने पुढच्या दाराकडे गेली.

"थांबा, थांबा. उंबऱ्याच्या बाहेरच थांबा दोघं बी. भाकरतुकडा ओवाळून टाकू द्या मले. इडापिडा टळू दे माह्या लेकरांची..."

पाणी सांडल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या, आणि दारातून कोणी बाई बोलली, दमलेली, पण खुशीत असलेली.

"पाय लय भरले चिखलानं, आत्याबाई. अजून थोडं पाणी द्या ना."

तो आवाज अपेक्षाचा होता.

फोनमधून अपेक्षाने अगदी हळू विचारलं, "मामाजी... तिथं कोण बोललं आता?"

पुंडलिकरावांनी घराकडे पाठ फिरवली होती, ती तशीच ठेवली. फोनवरची आपली सून असेल, तर मग उंबऱ्यावर कोण उभी होती? आणि उंबऱ्यावरची आपली सून असेल... तर दार उघडलं नाही म्हणून इतका वेळ त्यांना कोण सांगत होतं? एकीला आपली म्हणायचं तर दुसरीला तोडावं लागणार होतं, आणि कोणती जिवंत हे ओळखायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"बोला ना, मामाजी," फोनमधून आवाज आला.

"या ना जी आत," घरातून इंदूबाईंनी हाक मारली. त्या हसत होत्या. "लेकरं कधीची उपाशी हायत."